दोनवर अडकलेला काटा

अंबरनाथला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे खाकी शर्टातले एक काका आणि त्यांची शेजारीण बोलत होती.

“हिरामणभाऊ, आज लई खुशीत?”

“आमच्या कंपनीत पाण्याच्या फिल्टरवर सोनिवलीची पोरगी आलीये, तेजल. काय डोकं आहे वहिनी तिचं!”

“काय केलं एवढं?”

“फिल्टर गाळाने भरला की प्रेशरचा काटा वर चढतो. आमचा महिनाभर दोनवरच.”

“मग चांगलंच की.”

“सगळे तेच म्हणायचे. ही म्हणाली, काका, फिल्टरमधून येणारं पाणी निम्म्यावर आलंय, मग प्रेशर तेवढंच कसं? पंप बंद करायला लावला. तरी काटा दोनवरच!”

“म्हणजे काटाच बिघडलेला?”

“जाम झालेला. फिल्टर उघडला तर आत नुसता चिखल. अजून दोन दिवसांत पंप जळाला असता.”

“पण काट्यावर लक्ष कोण ठेवायचं?”

“मीच. दर तासाला रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा असतो, मी सकाळीच संध्याकाळपर्यंतचे भरून टाकायचो. तिने ते पाहिलं.”

“बाप रे! साहेबांना सांगितलं?”

“नाही. काटा जाम होता, एवढंच म्हणाली. रजिस्टर मिटून ठेवलं.”

“मग सुटलात की!”

“कसला सुटतो! साहेब तिचं कौतुक करायला लागले, तेव्हा मीच ते उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.”

“अरे देवा! मग?”

“तीन दिवस घरी बसवलंय.”

“आणि तुम्ही खुशीत?”

“चौथ्या दिवसापासून तिच्या हाताखाली शिकायला टाकलंय ना मला.”