सुतळीनं बांधलेली लाईट

...आन् वर मलाच म्हणतंय, "अप्पा, तुम्हीपण घ्या ना चिवडा!" अरे, चिवडा माझ्याच दुकानातला, सरपंचानं पाहुण्यासाठी म्हणून उचलून नेलेला, आन् हा लातूरचा साहेब मलाच आग्रह करायलाय! तुम्हाला सांगतो, तवा कालपासून पोटात अन्नाचा कण न्हाई, चहाचा घोट न्हाई. का? तर लाईट न्हाई! तुम्ही म्हणाल, गुरुबसप्पा, लाईटीचा आन् जेवणाचा काय संबंध, तुझी चूल तर लाकडावर पेटते. आता हाय का! आमच्या घरची रीतच तशी. डोक्यावरून पाणी घेतल्याबिगर लिंगपूजा न्हाई, आन् पूजेबिगर तोंडात घास न्हाई. पाणी कुठंय? बोअरमधी. विहिरी ह्या दुष्काळानं पार खरवडून खाल्ल्या, हापसा नुसता खोकतोय, आन् बोअरमधी बादली जात न्हाई हो! मोटरच लागते. घरात एक घागर, ती लेकरांच्या तोंडची. ती मी डोक्यावर वतून घेऊ?

आधी एक बरं होतं. उस्मानाबाद जिल्हा होता, लई लांब. लाईट न्हाई आली तर म्हणायचं, जाऊ दे, एवढ्या लांबून येऊस्तोवर दमत आसंल बिचारी. मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला! मी सोता पेढे वाटले! मग काय झालं? साहेब जवळ आले, त्यांच्या जीपा जवळ आल्या, भाषणं जवळ आली... जिल्हा जवळ आला, लाईट काय जवळ आली न्हाई!

तर ह्या साहेबाचं भाषण. विषय काय? 'अणुऊर्जा आणि उद्याचा भारत'! चावडीपुढं सतरंजी, साहेब चिवडा चावत चावत सांगतोय, "मित्रहो, कोळसा संपणार आहे, धरणं कोरडी आहेत, पण चिंता नको! सुपारीएवढ्या इंधनात इतकी शक्ती असते, की तुमचं गाव वर्षानुवर्षं उजळून निघेल!" टाळ्या! आमचा तेलघाण्यावाला लिंबाजी हात जोडून म्हणतोय, "साहेब, तेवढी सुपारी इथंच ठेवून जावा की."

मी उठलो. पोटात आग, दुसरं काय! म्हणलं, "साहेब, ही अणूची लाईट येणार कशातून?"

"तारेतून, अप्पा."

"कोणच्या तारेतून?"

"ह्याच की."

"आन् ट्रान्सफार्मर? वेशीजवळची डीपी?"

"तीच राहील."

घ्या! म्हणजे अणू मुंबईत फोडा न्हाईतर चंद्रावर फोडा, लाईट येणार ती आमच्या ह्याच गळक्या डीपीतून! अणू फोडायला देशात ढिगानं शहाणी माणसं, आन् फ्यूज बांधायला सगळ्या शिवारात मिळून एकटा पंढरी लाईनमन! वा रे उद्याचा भारत!

साहेब तोंड उघडणार, तेवढ्यात चावडीचा बलब लागला. लाईट आली! साहेब असा खूश, जणू त्यानंच धाडली. आन् लगेच... धडाम्! वेशीकडून धूर. साहेब दचकून म्हणतोय, "हा कसला आवाज?" लिंबाजी म्हणतोय, "अणू फुटला वाटतं."

आता अणू कशाचा! आमच्याकडं लाईट कधी येईल ह्याचा नेम न्हाई. मोटरीपाशी बसून कोण राहील? म्हणून घरोघर एकच अक्कल. स्टार्टरचं हिरवं बटन दाबायचं आन् सुतळीनं करकचून बांधून ठेवायचं. लाईट आली की मोटर आपली आपण चालू. पण गावच्या सगळ्या मोटरी एका दमात उठल्या तर डीपीनं काय करावं? एका गाईला सगळ्या गावाची वासरं सोडल्यावर दुसरं काय हुईल!

पंढरी सायकल मारत आला. लाईटीच्या डांबावर चढायच्या आधी म्हणला, "फ्यूज बांधतो, पण आधी सुतळ्या सोडा. पाळीनं मोटरी लावा. पुन्हा सगळा लोड एकदम आला तर डीपीच जळंल, मग माझ्या बी हातात काई न्हाई." सगळ्यांनी शपथा घेतल्या. मी तर गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला, आन् समद्यांच्या आधी माझी सुतळी सोडून आलो! पाळीत माझा नंबर कितवा? शेवटला! का, तर साहेबाशी वाद घातला!

बादली, पंचा, विभूती मांडून ओसरीवर बसलो. लाईट आली... आन् धडाम्! आता फ्यूज न्हाई, अख्खी डीपी. तेल गळायलंय, धूर निघायलाय. मी असा भडकलो! चावडीवर जाऊन एकेकाचं नाव घेऊन शिव्या घातल्या. "बेइमान हो! एका सुतळीपायी गाव जाळलं!" कोणी कबूल हुईना. लिंबाजी म्हणतोय, "आईच्यान, मी सोडली होती!" म्हणलं, चला, घरोघर बघू! न्याय म्हंजी न्याय, सुरुवात माझ्यापासून!

सगळं गाव मागं घेऊन परड्यात आलो. स्टार्टर बघतो तर बटन बांधलेलं! सुतळीनं न्हाई, लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं. दारात आमची मंडळी, रुद्राणी, खाली मान घालून उभी. म्हणतीय, "तुम्ही सोडली, गावानं बी सोडली. म्हणलं, आपली एकटीची बांधली तर डीपीला काय कळतंय? तुम्ही जेवल्याबिगर मला तरी घास कुठं गिळतोय... कालधरनं..."

ती बी उपाशी, आन् माझ्या ध्यानातच न्हाई. लई वाईट वाटलं हो. आता गावाला तोंड कसं दाखवू म्हणून मागं वळलो, तर मागं कोणीच न्हाई! जो तो आपापल्या परड्याकडं पळालेला... चिंध्या सोडायला!

शेवटी साहेबाच्या डायव्हरला दया आली. जीपच्या इंजनात वतायला ठेवलेला पाण्याचा डबा त्यानं रुद्राणीच्या हातात दिला. त्यावर न्हालो, पूजा केली, दोघं जेवलो. डीपी बैलगाडीत घालून दुरुस्तीला धाडली. साहेब निघताना म्हणला, "काळजी नको अप्पा, आता जिल्हा जवळ आहे."

खरंय हो त्याचं. वेशीबाहेरच्या चढावर बिनपाण्याची जीप तापून बंद पडली, आन् साहेब पायी माघारी आला. तुम्हाला सांगतो, जिल्हा आता इतका जवळ आलाय, इतका जवळ आलाय, की माझ्याच ओसरीवर, माझ्याच वाकळेवर घोरायलाय... लाईट तेवढी न्हाई.