वैशाखात पाहिलेलं गाव

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच माननीय शालूबाई. व्यासपीठावर बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आपल्या शिलाई कारखान्याचे मालक यास्मीनताई आणि अकरमभाई. बचत गटाच्या विमलबाई. दुसरबीडचे समस्त व्यापारी बंधू. आणि तीन वर्षं या हॉलमध्ये मशीनवर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

मी उत्तमराव. हा हॉल माझा, आणि पुण्याहून आलेल्या या दोघांना इथं ठेवून घेतलं तेही मीच. म्हणून निरोपाचे दोन शब्द मीच बोलावेत असा शालूबाईंचा आग्रह पडला. मी आठ दिवस टाळत होतो. काऊन टाळत होतो ते पुढं कळेल. चहा शेवटी आहे, तोवर कोणी उठू नका.

या हॉलमध्ये माझा ढाबा होता हे तुम्हाला सांगायला नको. शेवभाजी खायला जालना-मेहकर रस्त्यावरचे ट्रक इथं ओळीनं उभे राहायचे. मग नवा महामार्ग झाला. चांगलीच गोष्ट झाली, विकास झाला, मीही पेढे वाटले. पण ट्रक तिकडून गेले ते गेलेच. माझी भट्टी विझली, शेजारचं पंक्चरचं दुकान बंद झालं, रसवंतीवाला गावाकडं निघून गेला. सायंकाळी दारात बसलो तर मोजून चार गाड्या जायच्या. माणसानं करावं काय, सांगा?

त्याच वर्षी माझी पूनम सासरहून परत आली. जावयानं दुसरं घर केलं. सभेत घरचं कशाला काढता, असं मागून कोणीतरी पुटपुटलं, मला ऐकू आलं. काढावं लागते बाप्पा, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. पूनम वर्षभर बोलली नाही. जेव म्हटलं की जेवायची, बस म्हटलं की बसायची. तिची आई तर नाही. मी एकटा माणूस तिच्यासमोर बसून काय बोलणार?

अशात ही जोडी आली. अकरमभाईंची पुण्यातली नोकरी गेली होती. यास्मीनताई कपडे बेतण्यात उस्ताद. ठरवलं होतं की लहान गावात जायचं, जिथं भाडं परवडेल, आणि शिलाईचा कारखाना टाकायचा. पाच गावं वहीत लिहिली होती. चिखली, मेहकर, लोणार पाहून आमच्याकडं आले. दिवस वैशाखाचे. मी काय केलं? विमलबाईंना निरोप धाडला आणि तासाभरात पस्तीस बाया इथं बसवल्या. नवी लुगडी, केसांत गजरे! ताई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "इतक्या जणी काम करायला तयार आहेत?" मी म्हटलं, "हाव ताई, म्हणाल तेवढ्या येतील."

मग ताईंनी एकच प्रश्न विचारला. पाणी, वीज, भाडं यातलं काही नाही. म्हणाल्या, "काका, खरं सांगा. या बायका बारा महिने येतील ना?"

मंडळी, वैशाखात आपल्या शेतात काय असतं? ढेकळं असतात. बाया घरी रिकाम्या असतात. आणि दसऱ्याच्या सुमारास? सोयाबीन सोंगायला आलं की गावात औषधाला बाई सापडत नाही, मग कापसाची वेचणी. हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं? मी तर स्वतः मजूर मिळेना म्हणून शिव्या घालत हिंडतो! पण पुण्याच्या माणसाला ते कसं कळावं? मी म्हटलं, "येतील म्हणजे काय ताई, उड्या मारत येतील. बारमाही." असं म्हणालो, आणि छातीवर हात ठेवून म्हणालो. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की दारात काम येईल आणि माझी पोर चार बायांत बसेल.

हसू नका. टाळ्याही नकोत.

पहिल्या वर्षी दिवाळीच्या फ्रॉकची ऑर्डर आली आणि कामावर लागलेल्या सव्वीस बायांतल्या चारच उरल्या. यास्मीनताई चिखल तुडवत शेताशेतात गेल्या. तिथं तानुबाईनं त्यांना सांगितलं... तानुबाई, तू समोरच बसली आहेस, सांगू का? ती म्हणाली, "बाई, तुमचा फ्रॉक पावसानं सडत नाई. माह्यं सोयाबीन सडते." काय चुकलं तिचं? काहीच नाही. घरचं पीक टाकून कोण मशीनवर येईल? कोणाही बाईला दोष देऊ नका. ताईंनी विचारलं त्याच दिवशी मी खरं बोललो असतो, की ताई, सुगीचे दीड-दोन महिने धरू नका, त्या हिशेबानं ऑर्डर घ्या, तर आज ही मशीनं ट्रकवर चढली नसती. एका वाक्यानं काम झालं असतं. ते मी बोललो नाही. उलट म्हणालो, "यंदा असं झालं, दरवर्षी होत नाई." दुसऱ्या वर्षी तेच झालं. तिसऱ्या वर्षी व्यापाऱ्यानं काम देणंच बंद केलं.

ताईंनी मला एक शब्द विचारला नाही. निघतानाही "काका, तुम्ही खूप केलं" म्हणाल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या तीन वर्षांत माझ्या पूनमचं काय झालं, ते पाहिलं ना तुम्ही? आधी काज-बटण करायची, मग बेतायला लागली. फोनवर व्यापाऱ्याशी हिंदीत भांडते. घरी माझ्यावर खेकसते, "बाबा, पाय पुसून या." त्या ओरडण्यासाठी मी देवाला नारळ वाहिला आहे.

म्हणून हात जोडतो. ताई, भाईजान, राहा ना. हॉल तसाच वापरा, मले भाडं नको. सुगीचे दोन महिने कुलूप लावा, बाकीचे दहा महिने बाया आणायची जबाबदारी माझी. ट्रक काय, आत्ता उतरवू... अकरमभाई मान हलवून राह्यले. दिसते मले. त्याईनं सिन्नरले जागा घेतली, बयाना दिला. माझ्या जबाबदारीवर आता कोण इसवास ठेवेल?

बरं. मग उरलेलंही सांगतो, ते पोटात ठेवून मले आज घरी जाता येत नाई.

आठ दिवसांपूर्वी यास्मीनताई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "काका, पूनमला आमच्यासोबत पाठवा. आमच्याच घरात राहील, कारखाना तीच सांभाळेल. तिला विचारून सांगा." मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईले सांगतलं, "पूनम नाई म्हणते." आणि पूनमनं विचारलं तर तिले सांगतलं, "त्याईले तिकडं त्याईची माणसं आहेत, तुझी गरज नाई." दोघीही मानी. आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाईत. ही म्हणे ताईनं मले टाकलं, त्या म्हणे पूनमनं तोंड फिरवलं. आणि मी मधात बसून भाकर खाल्ली. घरात पुन्हा तीच मुकी पोर आली, मंडळी. या खेपेले जावयानं नाई आणली. मी आणली.

पूनम, तू मागं खांबापाशी उभी आहेस. ताई तुले न्याले आल्या होत्या वं. तुझ्या बापानं लपवलं. म्हातारपणी एकटं राहाची भीती वाटली, दुसरं कारण नाई. मी करून खाईन. ढाबा चालवला आहे, उपाशी मरत नाई.

अध्यक्षबाई, वेळ फार घेतला. आपण सगळे आलात, त्याबद्दल गावाच्या वतीनं आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. केलं त्याची माफी तुमच्याकडं मागत नाई, ती या तिघांकडं मागतो. द्याची का नाई ते त्याईनं पाहावं, आज नाई दिली तरी चालते.

पूनम, रडू नको, ट्रक निघायले अजून अर्धा तास आहे. घरी जाय, कपडे भर. दारातल्यांनो, सरका जरा. वाट द्या हो तिले.