टर्बो थंड होईपर्यंत

टर्बोच्या गाडीचं मला काही विचारूच नका. माझ्या जुन्या डिझेल गाडीचा टर्बो एकदा जळाला. नवा बसवताना आमचे नांदेडचे मिस्त्री रहीमचाचा म्हणाले, "लांबून आलास की इंजिन लगेच बंद करू नको. दोन मिनिटं जागेवर चालू ठेव, टर्बो थंड होतो. न्हाई तर आतलं ऑइल जळतंय."

तेव्हापासून मी हे इमानदारीत पाळतो.

परवा किल्लारीला बहिणीकडं जेवायला निघालो होतो. भाच्यांसाठी केळी घ्यायला तिथल्या स्टँडजवळ थांबलो, अन् गाडी चालूच ठेवली. मागचं दार उघडून एक मावशी पिशवीसकट आत बसल्या.

"मावशी, ही भाड्याची जीप न्हाई. घरची गाडी हाय."

"मग चालू कशाला ठेवलास?"

"टर्बो थंड करायलोय."

"थंड करायला बंद करत्यात," म्हणत मावशी सरकल्या आणि आणखी दोघांना जागा दिली. आमच्याकडं स्टँडवर चालू असलेली गाडी म्हणजे निघालेली गाडी. एक म्हातारबा पुढं बसले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "चला औशाला."

गेलो.

औशात सगळे उतरले. एवढं पळून टर्बो तापला होता, म्हणून दोन मिनिटं गाडी चालू ठेवली. लातूरला जाणारे पाच जण बसले.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, कुठं हाईस? जेवण पार थंड झालं की!"

मी म्हणालो, "टर्बो अजून झाला न्हाई."