अडीचशे ग्रॅमच्या आत

ड्रोनचे सरकारी नियम मले तोंडपाठ हायेत अशी माही लय मिजास होती. ते रिठदच्या एका लग्नात उतरली.

शूटिंगसाठी बॅगेतून ड्रोन काढलं, तर समोर पोलीस जमादार. "लायसन दाखव."

"साहेब, नोंदणी केली हाय, हा पाहा नंबर. अन् लायसन अडीचशे ग्रॅमच्या वर लागते. हे दोनशे एकोणपन्नासचं हाय."

"असं? चाल, मोजू."

बाजूच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. दोनशे ब्याण्णव!

आता ड्रोन जप्त होते, अन् तिकडे नवरदेव घोड्यावर बसून आभाळाकडं पाहून राह्यला!

जमादारानं ड्रोन उलटं केलं. पोटाखाली एक लिंबू अन् सात मिरच्या! नव्या गाडीले बांधते तसं सकाळी बॅग भरताना मायनं बांधून देलं होतं.

"हे काहून बांधलं बे?"

"नजर लागू नये म्हणून, साहेब."

"नियमात नजरेले सूट नाई. सोड ते."

लिंबू सोडून त्यायच्याच हातात देलं. काटा बरोबर दोनशे एकोणपन्नास. मी ऐटीत ड्रोन उडवलं.

दोन मिनिटांत ते मांडवाच्या कमानीले धडकलं अन् बँडवाल्याच्या ढोलावर येऊन आदळलं. नशीब, पंखे शाबूत होते.

उचलून वर पाहतो तर जमादार उभे. त्यायनं इकडंतिकडं पाह्यलं, लिंबू माह्या हातात कोंबलं अन् हळूच म्हणाले, "बांध बापा परत. मी आता काटा नाई पाहत."