रसाआधी पाणी

सुमनबाई : साखर दोनच चमचे टाकलीय, डॉक्टरसायेब. मी नवी नवरी हुते तव्हा तुमी चड्डीवर यायचे, तीन चमच्यांबिगर कप तोंडाला लावत नव्हते.

सम्राट : आता एकही चालत नाही, वहिनी. पण असू द्या.

सुमनबाई : विहारापुढचा सत्काराचा मांडव बघितला का? मंडळाच्या हर्षलनं तुमचा एवढा मोठा फोटू लावलाय. पुलावरून दिसतोय म्हनं.

सम्राट : दिसला. म्हणून मागच्या रस्त्यानं आलो.

प्रज्ञा : मागून म्हणजे चिखलातून. आई, सरांचे बूट बघ.

सम्राट : पुढचा रस्ता शिंगणापूरच्या गाड्यांनी भरलाय. शनिवार आहे ना.

प्रज्ञा : ही सबब झाली, सर. आधीचं खरं होतं.

सुमनबाई : काय बोलती गं! तुमी मनावर घेऊ नका. नेवाशाच्या शाळेत पोरांवर वरडून वरडून हिची जीभ अशी झालीय. हिच्यासाठी तुमी लई केलं, सायेब. पुण्याला हाताखाली घेतली, चार वर्सं संभाळली. हिलाच झेपलं न्हाई, त्याला तुमी काय करनार?

सम्राट : वहिनी, तसं...

सुमनबाई : न्हाई, दुसरा असता तर नुसता कागद धाडला असता. तुमी सोता येऊन ह्यांना सांगितलं. ह्याच पलंगावर बसला हुता.

सम्राट : मी गेल्यावर रंभाजीभाऊ काही म्हणाले होते?

सुमनबाई : काय म्हननार? ड्युटी हुती, कारखान्यावर गेले. बसा, शेंगदान्याचे लाडू काढते. डबा पार वरच्या फळीवर हाय.

(सुमनबाई आत जातात.)

प्रज्ञा : हे विचारायला अकरा वर्षं लागली.

सम्राट : प्रज्ञा, मी माफी मागायला आलोय.

प्रज्ञा : हळू. आई ऐकेल.

सम्राट : ऐकलं तर बरंच होईल.

प्रज्ञा : तुम्हाला बरं वाटेल. तिला काय वाटेल?

सम्राट : हेही मला सुचलं नाही बघ. मला फक्त लॅबमधला तो सोमवार आठवतो. तू टेबलावरचा नमुना काढलास आणि त्या जागी कोरी काच ठेवलीस.

प्रज्ञा : नमुना म्हणजे काचेवर सोन्याची नक्षी. केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक. मेटामटेरियल. शाळेत मुलांना सांगते मी. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडला, की ही नक्षी त्यातून हिरवा प्रकाश तयार करते. एवढा, की आजवर कुणी केला नाही. असं आपण छापलं होतं.

सम्राट : मी छापलं होतं.

प्रज्ञा : आणि कोऱ्या काचेतूनही तेवढाच हिरवा आला. नक्षीचा नव्हताच तो. लेसरमधूनच थोडा हिरवा गळत होता. पुढं एक फिल्टर लावायचा राहिला होता. बस्.

सम्राट : ते टेबल मी माझ्या हातानं मांडलं होतं.

प्रज्ञा : आणि मला म्हणालात, तुझी काच घाण आहे, पुसून आण.

सम्राट : तीनदा म्हणालो.

प्रज्ञा : चारदा. चौथ्यांदा पुसताना फुटली.

सम्राट : त्या एका लेखावर मला माझी प्रयोगशाळा मिळाली, प्रज्ञा. पुढचं सगळं काम मी नीट केलं. अगदी नीट. दर वेळी आधी कोरी काच. वाटायचं, असं करत करत ते जुनं पुसलं जाईल.

प्रज्ञा : लेख चुकला याचा मला राग नाही. कुणाचाही चुकतो. पण तुम्ही इथं का आलात त्या दिवशी? बाबांना का सांगितलंत, पोरीला झेपत नाही म्हणून?

सम्राट : भ्यालो. वाटलं, तू भाऊंना सांगशील, ते वस्तीत सांगतील. म्हणून तुझ्या आधी पोचलो.

प्रज्ञा : मी कुणालाच सांगणार नव्हते.

सम्राट : का?

प्रज्ञा : वस्तीतल्या पोरांच्या वह्यांना तुमचा पेपरातला फोटो चिकटवलेला असायचा. आपलं एक माणूस तिथवर पोचलं होतं. 'बघा, आम्ही म्हणतच होतो' असं म्हणायला बाहेर लोक टपलेले असतात, सर. त्यांच्या हातात मी कोलीत द्यायचं? म्हणून गप्प बसले. तुम्हाला वाटलं, हरले.

सम्राट : मला वाटलं, वाचलो.

प्रज्ञा : हं.

सम्राट : हे बघ, मोबाईलवर आहे. मासिकाला पत्र लिहिलंय. लेख मागे घेतो म्हणून. चूक कुणी पकडली तिथं तुझं नाव घातलंय. फक्त पाठवायचं राहिलंय.

प्रज्ञा : कधी लिहिलंत?

सम्राट : दिवाळीत.

प्रज्ञा : कुठल्या?

सम्राट : मागच्याच्या मागच्या.

प्रज्ञा : आणि आज, सत्काराच्या दिवशी, मला दाखवताय. मी काय म्हणायला हवंय? 'जाऊ द्या सर, झालं गेलं'?

सम्राट : पुण्याहून निघताना तीच आशा होती. खोटं कशाला बोलू? आता वाटतं, तू तसं म्हणालीस तर माझं काही खरं नाही.

प्रज्ञा : मग नाही म्हणत.

सुमनबाई : हे घ्या लाडू. पत्र्याची भिंत हाय, सायेब. फळीपाशी सगळं ऐकू येतंय.

प्रज्ञा : आई, लॅबमधलं जुनं काहीतरी...

सम्राट : नको प्रज्ञा, मला बोलू दे. वहिनी, हिला झेपत होतं. माझ्यापेक्षा चांगलं झेपत होतं. चूक माझी होती आणि तीही हिनंच पकडली. मी ह्या पलंगावर बसून भाऊंशी खोटं बोललो. ते बिचारे तेच खरं मानून गेले.

सुमनबाई : कोन मानून गेले?

सम्राट : भाऊ.

सुमनबाई : ह्यांनी कवा मानलं?

प्रज्ञा : म्हणजे?

सुमनबाई : अगं, तू पुन्याहून पेटी घिऊन आलीस त्या दिशी ह्यांनी तुला इचारलं न्हाई का?

प्रज्ञा : एकच विचारलं. 'आधी पाणी लावून बघितलं होतंस का?' मी हो म्हणाले. पुढं कधी विषयच काढला नाही.

सम्राट : कसलं पाणी?

प्रज्ञा : बाबा कारखान्याच्या लॅबमध्ये होते ना. उसाच्या रसात साखर किती, ते प्रकाशानं मोजतात. लांब नळीत रस भरायचा आणि यंत्रात ठेवून बघायचं. पण बाबा दर पाळीला आधी त्या नळीत साधं पाणी भरायचे. पाण्याला शून्य आलं तरच रसाचा आकडा वहीत. मी डबा घेऊन गेले की मलाही बघू द्यायचे. माझी कोरी काच तिथलीच आहे, सर. तुमच्या पुण्याची नाही.

सुमनबाई : तू व्हय म्हनलीस, अन् हे चुलीपाशी येऊन बसले. म्हनले, "पोरीनं पानी लावलं हुतं. म्हंजी पोरगी बरुबर हाय. सम्राटनंच लावलं नसंल."

प्रज्ञा : आई! हे तू आज सांगतेस?

सुमनबाई : मला वाटलं, तुला बोलले असतील. बापलेकीचं तुमचं काय काय चालायचं, मला कुठं कळत हुतं? मला म्हनले, "कुनी इचारलं तर सांग, झेपलं न्हाई. वस्तीचा एकच मानूस हाय, त्याला खाली वढायचं न्हाई." तव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगते. आज सायबापुढंबी म्हनले. म्हनलं, बघू तरी, काय म्हनत्यात.

प्रज्ञा : चार वर्षं झाली बाबांना जाऊन. मला वाटत होतं, माझ्यावर नाराज होऊन गेले.

सुमनबाई : तुझ्यावर? तुझी शाळंची ऑर्डर आली तव्हा नळीवाल्या यंत्राला पेढा ठिवला हुता त्यांनी. कारखान्याचे सायेब वरडले तरी.

सम्राट : मागच्या सत्काराला भाऊंनीच मला हार घातला होता.

सुमनबाई : व्हय. इस्तरीचा सदरा घालून गेल्ते.

सम्राट : हार घालताना माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. मी समजलो, मान देतायत.

प्रज्ञा : सर, फोन वाजतोय तुमचा.

सम्राट : हर्षल आहे. हॅलो. हो, गावातच आहे. नाही रे, तब्येत चांगली आहे. जमले का सगळे? पोरंही? बरं. दहा मिनिटं दे मला. दहाच.

प्रज्ञा : आता मोबाईलवर काय करताय?

सम्राट : थांब. हं, गेलं पत्र.

प्रज्ञा : बघू. हो, गेलंय.

सम्राट : मांडवात सांगायचं म्हणजे... मला चार माणसांत धड बोलता येत नाही, प्रज्ञा. तू सांगशील?

प्रज्ञा : नाही. मी सांगितलं तर चहाडी होईल.

सम्राट : पोरं वह्यांवरचा फोटो फाडतील.

प्रज्ञा : फाडतील, नाहीतर ठेवतील. ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

सुमनबाई : पोरांना आधी ते पान्याचं सांगा, सायेब. सोपं हाय. मग बाकीचं आपुआप येतंय. चला, मी लुगडं बदलून आलेच. ह्यांची खुर्ची पुढंच मांडत्यात अजून.

सम्राट : प्रज्ञा, तू येशील?

प्रज्ञा : येते. तोवर बूट पुसून घ्या, सर. पुढच्या रस्त्यानं जायचंय.