वायफायच्या वाटेतले ड्रम

लक्ष्मणराव : राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. आता घरात मीच तेवढा राहिलोय.

भानुमती : अहो, अकराला माझा व्हायवा आहे! परीक्षक पडद्यावर येऊन बसतील आणि मी ते गोल फिरणारं चाक बघत बसेन. शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या नहरींवर सात वर्षं पीएचडी केली, ती काय या चाकात घालवायला?

विशाखा : काकू, घाबरू नका. शाळेत चाळीस कॉम्प्युटर सांभाळते मी, हा तर एकच आहे. काका, पासवर्ड बरोबर टाकला ना?

लक्ष्मणराव : बरोबर आहे. दसऱ्याला राउटरला हळदकुंकूही वाहिलंय. माझ्याकडून कसर नाही.

विशाखा : नेट पकडतंय, पण एकच काडी. लगेच जातंय. काकू, शेजारी आमच्याकडंच या ना बसायला.

भानुमती : तुझ्याकडे सकाळपासून फरशी कापतायत. परीक्षक माझं ऐकणार की मशीनचं?

विशाखा : व्हय, तेबी खरंय. मोबाईलचं नेट?

लक्ष्मणराव : येतं. गच्चीवर, टाकीला टेकून उभं राहिलं तर. उन्हात.

विशाखा : पण परवा याच खोलीत तालीम केली आपण, झकास चाललं होतं. मग घरात बदललं काय?

लक्ष्मणराव : काहीही नाही. काल आठवड्याचं पाणी आलं, एवढंच.

विशाखा : राउटर कुठंय?

लक्ष्मणराव : पॅसेजमध्ये, स्टुलावर. ड्रमांच्या मागे.

विशाखा : कसले ड्रम?

लक्ष्मणराव : पाण्याचे. निळे, मोठे, तीन. काठोकाठ भरलेत. सांगताना ऊर भरून येतो.

विशाखा : काका! पाण्यातून वायफाय जात नाय. पाणी पिऊन टाकतं त्याला. राउटर तरी हलवा, नायतर ड्रम.

लक्ष्मणराव : राउटरची वायर भिंतीला ठोकलीय. आणि भरलेला ड्रम मला हलत नाही.

भानुमती : मग मीच पॅसेजमध्ये बसते.

लक्ष्मणराव : बसशील कुठे? तिथून मी स्वतः तिरका होऊन जातो.

भानुमती : तर मग ड्रम रिकामे करा.

लक्ष्मणराव : भानू, पाणी ओतून देऊ? मोरीत? थेट पुढच्या आठवड्यात येणार ते.

भानुमती : आणि व्हायवा?

लक्ष्मणराव : विशाखा, तुमच्याकडे आलं ना गं काल पाणी?

विशाखा : नाय ना. आमच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडलाच नाय. 

लक्ष्मणराव : म्हणजे तुमचे ड्रम कोरडे? आणि इतका वेळ इथे बसून बोलली नाहीस?

विशाखा : तुम्ही नेटसाठी बोलावलं होतं, काका.

भानुमती : अहो, बघत काय बसलात? बागेचा पाईप आणा, कंपाउंडवरून पलीकडे टाका.

लक्ष्मणराव : मोटर लागेल.

भानुमती : मोटर कशाला? त्यांचं अंगण आपल्यापेक्षा उताराला आहे. पाईप आधी पाण्यानं भरून घ्या, मग आपोआप चालतं. सात वर्षं दुसरं काय लिहिलं मी?

लक्ष्मणराव : मी वाचणारच होतो.

विशाखा : काकू, पण सगळं नका देऊ. तुम्हाला काय उरंल?

भानुमती : एक ड्रम कोपऱ्यात सरकवता येईल इतका हलका करा. बाकीच्या दोन ड्रमांतलं सगळं पाणी न्या. लवकर, बाई, पाया पडते.

(दुपार. भानुमती खोलीचं दार उघडून बाहेर येते.)

लक्ष्मणराव : काय झालं? अडकलं का मधे?

भानुमती : एकदाही नाही. पाचही काड्या होत्या शेवटपर्यंत. झाले मी डॉक्टर.

लक्ष्मणराव : बस आधी. पाणी आणतो.

विशाखा : डॉक्टर काकू! लई भारी! थांबा, पेढे आणते.

भानुमती : अगं, थांब. ऐक तरी. प्रबंधात ऋणनिर्देशाची चार पानं आहेत. ग्रंथपाल, मार्गदर्शक, यांचंसुद्धा नाव आहे. तुझं नाही गं. आता प्रत बांधून झाली.

विशाखा : राहू द्या, काकू. आमच्या पोराला, सम्यकला, आज दोन बादल्यांची अंघोळ घातली. बाहेर यायलाच तयार नव्हता.