गजाची फाईल

कॉम्प्युटरनं काम सोपं झालं म्हणता, तर आमच्या राहनाळच्या गोदामातलं ऐका. गजा माझ्याबरोबर माल उतरवायचा. तो वारला, पण कॉम्प्युटरमधली त्याची फाईल काही निघेना. डिस्कच खराब झाली होती. मुकादम रोज सकाळी स्क्रीनवर बघून हजेरी घ्यायचा आणि सवयीनं गजाचंही नाव पुकारायचा. गजाची बायको मंदा तिथंच झाडू मारते. नाव ऐकलं की तिचा हात थांबायचा. मला ते बघवेना.

मुकादमाला म्हटलं, "अरे, मेलेल्या माणसाला किती हाका मारशील?"

"मी काय करू, काका? दहा वेळा काढली. परत हाय तिथंच!"

शेवटी मागे लागून दुरुस्तीवाल्याला बोलवायला लावलं. त्यानं आधी डिस्क नीट केली, मग फाईल पुसली. म्हणाला, "लो चाचा, गया आपका भूत." मी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपली, सगळे कामाला लागले. मंदा मात्र झाडू धरून उभीच.

"काय गं?"

"काका, आज यांचं नाव न्हाय घेतलं?"

मीच काढायला लावलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.